बाई खुर्चीत बसतात तेव्हा

आज दुपारी माझ्या लेकीने टाळ्या वाजवल्या त्या एकाच हाताने. उजवा तळहात मांडीवर आपटत होती. डावा हात तिने पोटाशी धरला होता, तान्हं मूल धरावं तसा. समोर टीव्हीवर अख्खं स्टेडियम उभं होतं, आमचे हे उभे होते, तिची खोलीवरची मैत्रीण पलंगावर चढून शिट्ट्या मारत होती, आणि मी त्या सगळ्या गोंधळात पोटाशी धरलेला तो हात बघत बसले होते. तेव्हापासून तो डोळ्यांसमोरून हलायला तयार नाही. जेवणं झाली, भांडी झाली, ह्यांचं घोरणं सुरू झालं, तरी नाही.

खरं तर आजचा दिवस आनंदाचा. शाळेत असल्यापासून माझ्या लेकीने जिच्यावर जीव टाकला, त्या टेनिसपटूने आज सर्वाधिक विजेतेपदांच्या विक्रमाची बरोबरी केली. तो जुना विक्रम माझ्या लग्नाच्याही आधीचा, म्हणजे काय ते समजा. आमच्या घरात या खेळाडूचं नाव कुणी घेत नाही. तिला ‘बाई’ म्हणायचं, आणि तेही आदरार्थी. बाई जिंकल्या, बाई हरल्या, बाईंचा गुडघा दुखतोय. हे नाव लेकीनेच पाडलं. सुरुवातीला एकदा ती उशीत तोंड खुपसून रडत होती, ‘बाई हरल्या, बाई हरल्या’ म्हणून. हे घाबरून मला विचारायला आले, “कुठल्या बाई? गणिताच्या?”

बाई डावखुऱ्या आहेत. माझी लेक जन्माची उजवी. पण ज्या वर्षी बाईंनी पहिलं मोठं विजेतेपद मिळवलं, त्या वर्षी हिने हात बदलला. लोकांच्या मुली केसांचा भांग बदलतात, हिने हात बदलला. आधी दात घासायला डावा, मग कंगवा, मग दाराची कडी, शेवटी पेन्सिल. वहीत कोंबडीचे पाय उमटायला लागले तेव्हा वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतलं. चेहरा गंभीर करून म्हणाल्या, “घरी काही झालंय का?”

“हो,” मी म्हटलं, “टेनिस झालंय.”

ह्यांना त्याची गंमतच वाटत होती. “आपण उजवी मुलगी शाळेत घातली होती,” हे म्हणाले, “डावरी बाहेर आली. बदलून मिळते का विचारू या.” मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. पण आमच्या लेकीच्या अंगात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती भाडेकरूसारखी राहते, निघायचं नाव नाही. वर्ष संपता संपता तिचं डाव्या हाताचं अक्षर माझ्या उजव्या हाताच्या अक्षरापेक्षा चांगलं झालं. तिचं ‘डावरी’ हे नाव तेव्हापासूनचं. आता तर तिचं खरं नाव कुणी पुकारलं तर तिलाही क्षणभर कळत नाही, हे कुणाला म्हणतायत ते.

खेळायची हौसही होती तिला. जवळपास टेनिसचं मैदान नव्हतं, म्हणून इमारतीच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. त्या भिंतीच्या आत तळमजल्यावरच्या आजोबांची झोपायची खोली. ते एकदा वर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “तुमच्या मुलीला सांगा, सर्व्हिस तेवढी सुधारली आहे, बॅकहँड अजून माझ्या उशाशीच लागतो.” पुढे कॉलेजच्या स्पर्धांत ती उतरली. दुसऱ्या फेरीच्या पलीकडे कधी गेली नाही. खेळाडू म्हणून ती साधारणच होती; हे तिला माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. “बाई खेळतात की,” म्हणायची. “सगळ्यांनीच कशाला खेळायला पाहिजे? कुणीतरी बघायला नको का?”

कॉलेजनंतर ती शिवणकामाच्या कारखान्यात लागली, आणि आता तिथे कापड कापायच्या टेबलावर मुख्य आहे. डॉक्टरांचे पांढरे कोट, परिचारिकांचे कुडते, स्वयंपाक्यांचे अॅप्रन असलं सगळं तिथे शिवलं जातं. लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे थर एकावर एक पसरलेले, कापड सरकू नये म्हणून वर ठेवलेली लोखंडी वजनं, खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे नमुने. सरळ रेघा विजेच्या पात्याने कापतात. पण कॉलर आणि बाहीचा मुंढा कापायचा तो कात्रीनेच, असा तिथला शिरस्ता आहे, आणि तो भाग डावरीचा. तिची कात्री डाव्या हाताची, पाती उलट बसवलेली. कात्री पळवणं हा त्या कारखान्यातला रोजचा तंटा, पण हिची कात्री कुणी उचलत नाही. एकदा एका नव्या कारागिराने उचलली, तर कापड कापलं जाण्याऐवजी पात्यांत दुमडायला लागलं. त्याला वाटलं कात्रीला भूत लागलंय. मी एकदा तिला काम करताना पाहिलं. मुंढ्याची गोलाई कापताना ती श्वास रोखून धरते आणि जिभेचं टोक दातांत पकडते. लहानपणी डाव्या हाताने पहिल्यांदा ‘क’ काढताना तिचं तोंड अगदी असंच झालं होतं.

बाईंच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मात्र ही कात्री उघडायची नाही. उघडली की बाईंची सर्व्हिस तुटते म्हणे. कारखान्याच्या मालकांनाही हे पाठ झालंय. सामना कामाच्या दिवशी आला तर ते हिला नुसतं खडूने आखायचं काम देतात आणि कपाळावर हात मारून घेतात. “तुझ्या बाईंनी पन्नाशीपर्यंत खेळायचं ठरवलं,” म्हणतात, “तर मला कारखान्याला कुलूप लावायला लागेल.”

असे कायदे तिच्याकडे बरेच आहेत. ह्यांनी दारातच बसायचं, कारण मागे एकदा बाई जिंकल्या तेव्हा हे उशिरा आले होते आणि दारात चपला काढता काढता तिथेच टेकले होते. मी डावीकडच्या पलंगावर. सामना चालू असताना ‘आता जिंकतीलच’ असं कुणी म्हणायचं नाही. हे सगळं मी हसून सोडून देत आले. पण एक कायदा असा आहे, त्यावर आज पहिल्यांदा मी नीट विचार केला.

ती तेरा-चौदा वर्षांची असेल. बाई धावताना पडल्या आणि त्यांचा घोटा मुरगळला. कसंबसं लंगडत त्या खुर्चीपर्यंत गेल्या, हात वर केला, आणि उपचार करणारी एक जण पेटी घेऊन धावत आली. लेक ताडकन उठली, गॅलरीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून कानात बोटं घालून उभी राहिली. मी टीव्हीसमोर बसून राहिले, कारण कुणीतरी बसायलाच हवं होतं. बाई उठल्या तशी मी ओरडले, “उठल्या गं बाई!” ही धावत आत आली. बाई पुढे तो सामना जिंकल्या. झालं, कायदा पास झाला. त्यानंतर बाईंनी खुर्चीत बसून मदतीसाठी हात वर केला की लेक गॅलरीत, मी टीव्हीसमोर, आणि बाई उठल्या की मी हाक मारायची. मधलं काही सांगायचं नाही, हेही त्याच कायद्याचं पोटकलम. ती नोकरीसाठी कारखान्याजवळ खोली घेऊन राहायला लागली, तेव्हाही माझी सुटका झाली नाही. भर सामन्यात फोन यायचा, “आई, मी गॅलरीत आहे. उठल्या की सांग.” आता तिच्या खोलीवरची मैत्रीण हे काम शिकतेय. ती त्याच कारखान्यात काज करायच्या मशीनवर असते, म्हणून तिला सगळे काजवाली म्हणतात.

त्या काजवालीनेच मला फोन केला होता, थंडी संपत आली होती तेव्हा.

“काकू, मी सांगितलं असं सांगू नका हं. ती मला कच्ची खाईल.”

“अगं, झालं काय ते सांग आधी.”

“काल तिच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर लाल ठिपके दिसले. आम्हाला वाटलं खडू. रक्त होतं. तिने स्वतःचं बोट कापून घेतलं होतं काकू, आणि तिला कळलंच नव्हतं. मी दाखवलं तेव्हा बघत राहिली. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, नाही गं.”

नाही गं! पुढच्या रविवारी मी तिच्या खोलीवर जाऊन धडकले. चहा करताना कपाचा कान तिच्या बोटांतून सुटला. ब्लाउजचं बटण लावताना ती आरशात बघून लावत होती, बोटांना बटण कळत नव्हतं म्हणून. काजवालीचं नाव न घेता मी तिला बखोट धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या, नीट समजावून सांगणाऱ्या. मनगटात नस दबली आहे. छोटी शस्त्रक्रिया करायची, मग काही आठवडे विश्रांती, आणि हात बरा होईल. मात्र उशीर केला तर अंगठ्याखालचा मांसल भाग सुकत जातो, आणि मग नस मोकळी केली तरी गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. मी विचारलं, “हिने लहानपणी हात बदलला होता, त्याने तर नाही ना झालं?” डॉक्टर म्हणाल्या, त्याचा काही संबंध नाही, अशा कामात उजव्या हातालाही हे होतं. माझं समाधान झालं नाही, पण ती माझी गोष्ट.

लेकीने तारीख घेतली आणि पुढे ढकलली. कोटांचं मोठं काम आलंय म्हणून. दुसरी तारीख घेतली, तीही ढकलली, कारण बाईंची स्पर्धा सुरू होत होती आणि बाई या वेळी मनगटाला पट्टी बांधून उतरल्या होत्या.

“आई, पट्टी बांधून! उपांत्य सामना पट्टी बांधून जिंकल्या. आणि मी कॉलर कापायला घाबरू?”

“अगं, बाईंच्या मागेपुढे चार डॉक्टर असतात.”

“पण मैदानात एकट्याच असतात ना?”

“तुझं मनगट आणि त्यांचं मनगट एक आहे का?”

“एकच आहे,” ती म्हणाली. “दोघींचंही डावं.”

हिच्याशी वाद घालणं म्हणजे तळमजल्यावरच्या त्या भिंतीशी टेनिस खेळणं. मारलेला चेंडू तितक्याच जोरात परत येतो. ह्यांनी वकिली करून पाहिली. “डावरे, तुझा उजवा हात इतकी वर्षं राखीव खेळाडू म्हणून बसलाय. जरा त्याला उतरव की मैदानात.” ती खदखदून हसली आणि आपल्या मनाप्रमाणे वागली. शेवटी तिने तिसरी तारीख घेतली, परवाची. अंतिम सामना झाला की लगेच. आता तरी करशील ना, असं मी विचारलं, तर म्हणाली, “बाईंची शपथ.” माझी शपथ ती कधी घेत नाही. बाईंची घेतली म्हणून मी निर्धास्त झाले.

आज सामन्यासाठी आम्ही दोघं तिच्या खोलीवर गेलो. बसण्याच्या जागा मागच्याच, हे दारात. खोली लहान आहे, दोन पलंग, खिडकीखाली शिलाई मशीन, कपाटावर टीव्ही, आणि भिंतीवर बाईंचा एकच फोटो, कुठल्याशा कॅलेंडरमधून कापलेला. कडा यंत्राने कापाव्यात तशा सुबक कापल्यात. बाईंच्या समोर खेळणारी मुलगी त्यांच्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी रांगत असेल. तिच्या अंगात वारं भरलं होतं. पहिला सेट बाईंनी घेतला, दुसरा त्या मुलीने. तिसऱ्यात बाई मागे पडल्या. चेंडू परत करताना त्यांची रॅकेट हातात फिरायला लागली होती, ते मलासुद्धा कळत होतं. काजवाली नखं खात होती. हे दारातून म्हणाले, “अजून वेळ आहे,” तशी लेक ओरडली, “बाबा, काही बोलू नका!”

मग बाई खुर्चीकडे गेल्या, बसल्या, आणि त्यांनी हात वर केला.

लेक उठली आणि गॅलरीत गेली. काजवालीनेही डोळ्यांवर उशी घेतली. ह्यांना दारात बसून कमरेला रग लागली होती, ते जिन्यात फेऱ्या मारायला गेले. टीव्हीसमोर उरले मी.

मी जे पाहिलं ते सांगते. बाईंनी मनगटाची पट्टी सोडली. उपचार करणारी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. तिने काहीतरी विचारलं, आणि बाईंनी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवलं, इथे. लहान मूल आईला खरचटलेलं दाखवतं, तसं. ती दाबायला लागली तशी बाईंनी तोंड कसंनुसं केलं आणि पुन्हा दाखवलं, नाही, तिथे नाही, इथे. मग त्यांनी टॉवेल चेहऱ्यावर ओढून घेतला. खांदे हलत होते. एवढी मोठी बाई, जगभर लोक बघतायत, आणि ती रडत होती, पण दुखरा हात तिने मागे घेतला नाही. तो तसाच पुढे धरलेला होता, दुसरीच्या मांडीवर. डॉक्टरही आले. त्यांनी काहीतरी विचारलं, बाईंनी टॉवेलातूनच होकारार्थी मान हलवली. नवी पट्टी बांधून झाली, टॉवेल खाली आला, आणि बाई उठल्या.

“उठल्या गं!” मी हाक मारली.

पुढचं सगळ्या जगाने पाहिलं. बाईंनी गमावलेले गेम परत घेतले. रॅली लांबत गेल्या, ती मुलगी दमत गेली. शेवटच्या गुणावर चेंडू नेटच्या पट्टीवर आपटला, क्षणभर थांबला आणि पलीकडे पडला. बाई गुडघ्यांवर बसल्या, आणि आमच्या खोलीत जो काही हलकल्लोळ झाला त्यात खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “आई, बरोबरी! बरोबरी झाली!” म्हणत ती मांडीवर हात आपटत होती, तो उजवा. बाईंनी चषक एका हाताने उचलला, दुसऱ्या हाताला बर्फाची पिशवी बांधलेली. लेक म्हणाली, “बघ, एका हाताने! याला म्हणतात बाई!” तिला त्या पिशवीत फक्त पराक्रम दिसत होता. आणि दुसरं काय दिसणार? बाई बसतात तेव्हा ती गॅलरीत असते. इतकी वर्षं तिने बाईंना फक्त उठलेलं पाहिलंय.

संध्याकाळी ती आम्हाला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. मी तिचा डावा हात हातात घेऊन चालत होते. बस दिसेना. मग ती म्हणाली, “आई, रागावू नकोस. परवाचं मी रद्द करतेय. उद्या सकाळी दवाखाना उघडला की कळवते.”

“तू शपथ घेतली होतीस.”

“अगं, पण आता एकच उरलं ना! बरोबरी झाली, आता विक्रम मोडायचा. पुढची स्पर्धा फार लांब नाही. बाई दुखऱ्या मनगटाने खेळणार, आणि मी इकडे हाताला पट्टी बांधून पलंगावर लोळत पडू? तेवढी एक होऊ दे, मग मी स्वतः जाते, तू यायचीही गरज नाही.”

“आणि मोडला की?” हे म्हणाले. “मग त्याच्या पुढचा एक, कुणी गाठू नये म्हणून?”

“बाबा, तुम्ही ना!”

ती हसत होती, बोलत होती. बाईंच्या बॅकहँडविषयी, त्या मुलीच्या चुकांविषयी. बोलता बोलता मी तिच्या डाव्या अंगठ्याला नख लावलं. हळूच. मग जोरात. इतक्या जोरात की दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. ती टायब्रेकविषयी बोलत राहिली. मी दिव्याखाली तिचा तळवा उलटा करून पाहिला. अंगठ्याखालचा उंचवटा एका बाजूने खरंच बसल्यासारखा झाला होता.

तिने हात काढून घेतला. मग थोड्या वेळाने, हे बस येते का बघायला पुढे गेले होते तेव्हा, माझ्याकडे न बघता म्हणाली, “कापल्यावर तो पूर्वीसारखा राहिला नाही तर, आई? तो उजवा आयता मिळालेला आहे. हा मी केलाय.”

तेवढ्यात बस आली.

घरी जेवून हे आडवे झाले तेव्हा मी ह्यांना ते सांगितलं. हे म्हणाले, “म्हणजे ती बाईंच्या मागे लपतेय.”

“घाबरलीय हो ती.”

“तेच म्हणतोय मी. बरं, तू असं कर, सकाळी तिच्या आधी दवाखान्यात फोन कर. म्हणावं, आमच्या मुलीचा फोन येईल, तिचं ऐकू नका.”

“त्या ऐकतील होय? ती काय लहान आहे?”

“मग मालकांना सांग. ते कात्री काढून घेतील हातातून.”

हे बोलून गेले, आणि मी मनात ते दोनदा करूनही पाहिलं. मालक भले आहेत, ते एका शब्दात तिला टेबलावरून उठवतील. हात वाचेल. पण जो हात तिने एकेक अक्षर गिरवून मिळवला, तो तिच्या पाठीमागे आईने जाऊन दुर्बळ ठरवला, हे तिला कळल्यावाचून राहणार नाही. मग पुढच्या वेळी काही दुखलं तर ती कुणालाही दाखवणार नाही, काजवालीलासुद्धा नाही. ह्यांना मी एवढंच म्हटलं, “नको. तिच्याशीच बोलायला हवं.” हे कूस बदलता बदलता म्हणाले, “बोल. पण तुझ्याकडे नवीन काय आहे बोलायला? डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, तू सांगितलंस.”

खरंच होतं ते. भीती घालून झाली होती, रागावून झालं होतं, शपथ घालून झाली होती. भांडी विसळताना मी तेच घोळवत होते, की मला असं काय माहीत आहे जे तिला माहीत नाही? बाईंविषयी तर तिला सगळं माहीत. कुठल्या वर्षी कुठे हरल्या, कुठल्या बुटांत जिंकल्या, रॅकेटची तार किती घट्ट बांधून घेतात. मी तिच्यापुढे काय सांगणार? आणि तिथेच माझा हात साबणात थांबला. त्या खुर्चीतल्या बाई फक्त मी पाहिल्यात. तिच्या बाईंचा एवढा भाग माझ्याकडे राहिलाय, आणि तिच्याच कायद्याने मी तो तिला कधी सांगितला नाही.

बाई मैदानात एकट्या असतात, असं ती म्हणते. नसतात. त्या बसतात, हात वर करतात, कुणीतरी पेटी घेऊन येतं, आणि त्या बोट ठेवून दाखवतात, इथे दुखतं. घाबरतात, रडतात, पण हात मागे घेत नाहीत. त्यानंतर उठतात. घोट्याच्या वेळीही तसंच झालं होतं, गुडघ्याच्या वेळीही. मला आता एकेक आठवतंय. माझ्या लेकीला ज्या बाई आवडतात त्या खोट्या नाहीत, पण अर्ध्या आहेत, आणि त्या अर्ध्या बाईंच्या पायी ती आपला हात घालवून बसेल.

हे तिला सकाळी सांगून उपयोग नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीपासून ती फोन हातात घेऊन बसलेली असेल. शिवाय नुसतं सांगून ती मानेल असंही नाही. सांगितलेलं ती परत मारते, हे मी वर लिहिलंच आहे. पण बाई जिंकल्या की त्या दिवशी ही झोपत नाही. सगळा सामना पुन्हा पहिल्यापासून लावते, काजवालीला उठवून चहा करायला लावते आणि प्रत्येक गुणाला पहिल्यांदाच बघतेय अशी ओरडते. आत्ताही तेच चाललं असणार. जेवणं उरकून मग लावला असेल, म्हणजे आत्ता दुसरा सेट संपत आला असेल. तिसऱ्यात बाई मागे पडतील, खुर्चीकडे जातील, आणि शेवट माहीत असूनही ही उठून गॅलरीत जाईल. कायदा म्हणजे कायदा.

मी तिला आत्ताच फोन करते. ती म्हणेल, “आई, काय झालं, बाबा बरे आहेत ना?” बाबा घोरतायत म्हणून सांगेन. हाताविषयी, दवाखान्याविषयी, परवाविषयी चकार शब्द काढणार नाही. एवढंच म्हणेन, “डावरे, तुझ्याबरोबर बघायचंय मला. फोन चालू ठेव. आणि बाई खुर्चीत बसल्या की उठू नकोस. मी आहे इकडे, तू बस.” ती चिडेल, कायद्याची आठवण करून देईल, अपशकुन होईल म्हणेल. होऊ दे. सामना जिंकून झालाय, आता बाईंचं काही बिघडणार नाही.

फोन ह्यांच्या उशाशी चार्जिंगला लावलाय. आणते.